निळ्या रानफुलाची ओळख

बंगळूरच्या फुलबाजारात ॲस्टर हे नाव फुलवालीपासून गिऱ्हाइकापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. शहराभोवतालच्या शेतांतून येणारी निळी, जांभळी, गुलाबी व पांढरी टपोरी फुले रोज हारांत गुंफली जातात. तथापि हा ॲस्टर या मातीतला नव्हे. त्याचे मूळ चीन देशात. अठराव्या शतकात त्याचे बी युरोपात पोचले, तेथील माळ्यांच्या हातून त्याचे अनेक प्रकार निपजले, आणि मग तो हिंदुस्थानातील बागांत आला. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने कामिनी, पौर्णिमा, शशांक अशा त्याच्या नव्या जाती तयार करून शेतकऱ्यांच्या हाती दिल्या, आणि हा परदेशी पाहुणा इथलाच होऊन गेला.

मग याच कुळातील, परंतु या भूमीचे स्वतःचे असे निळसर फूल कोणते? ते शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पडीक जमिनीत, शेताच्या बांधावर, जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी वीतभर किंवा हातभर उंचीचे एक किरकोळ रोपटे उभे असते. त्याच्या शेंड्यावर जांभळट निळ्या रंगाचे छोटे छोटे गोंडे येतात. मराठीत त्याला सहदेवी किंवा सदोडी म्हणतात. केरळात ज्या दहा मंगल वनस्पतींना दशपुष्प म्हणून मान आहे, त्यांत हिची गणना होते.

सहदेवीची ओळख सोपी वाटते, पण तशी ती नाही. तिच्या शेजारीच बहुधा अजेरॅटम नावाचे अमेरिकेतून आलेले तण वाढत असते. त्याचे गोंडेही निळसर, रोपही तेवढेच. घाईने पाहणारा हमखास फसतो. परंतु पानांकडे लक्ष दिले की भेद उघड होतो. अजेरॅटमची पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात व चुरगळली असता त्यांना उग्र वास येतो. सहदेवीची पाने एकाआड एक असतात. बी पिकल्यावर सहदेवीच्या बियांवर मऊ पांढऱ्या केसांचा झुबका दिसतो आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते. अजेरॅटमच्या बियांवर असा झुबका नसतो, लहान टोकदार खवले असतात. चिनी ॲस्टरच्या फुलात कडेला पाकळ्यांसारख्या फुलकळ्यांचे कडे असते. सहदेवीच्या गोंड्यात ते मुळीच नाही. सारी फुले नळीसारखी.

याहून मोठा घोटाळा मात्र नावाचा आहे. वैद्यकाच्या परंपरेत ‘सहदेवी’ हे नाव महाबला या वनस्पतीलाही लावलेले आढळते. महाबलेचे फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे. तिचे कुळ जास्वंदीचे. म्हणजे नाव एक आणि वनस्पती दोन, त्याही परस्परांशी नाते नसलेल्या. वैद्याने सहदेवी लिहून दिली आणि पुरवठा करणाऱ्याने दुसरीच मुळी आणली, तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा? ओळखीचा प्रश्न येथे रोग्याच्या प्रकृतीशी येऊन भिडतो.

नावाशेजारी वनस्पतीचे रूप जपून ठेवावे, हा या अडचणीवरचा उपाय दक्षिणेत जुना आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड निघाले. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी विद्वान या कामात होते, आणि त्यांचे कोंकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. प्रत्येक वनस्पतीचे चित्र व तिची देशी नावे शेजारी शेजारी ठेवल्यामुळे नाव पुन्हा हरवण्याची भीती उरली नाही.

बंगळुरात हे काम १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर सुरू झाले. हैदरअलीने वसविलेला लालबाग कंपनीच्या ताब्यात आला आणि बेंजामिन हाइन हा वनस्पतिवेत्ता म्हैसूर मुलखात हिंडून नमुने गोळा करू लागला. ते वाळवलेले नमुने जर्मनीत रोथ याच्या हाती गेले, आणि १८२१ साली त्यांच्या आधारे त्याने नव्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे या शहरातच तशी परंपरा उभी राहिली. सेंट जोसेफ कॉलेजातील फादर सेसिल सालढाणा यांनी डॅन निकल्सन यांच्यासह १९७६ साली हासन जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ दिला, व कर्नाटकाच्या वनस्पतींचे दोन खंड १९८४ व १९९६ साली काढले. त्यांचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आज भारतीय विज्ञान संस्थेत आहे.

सहदेवीच्या शास्त्रीय नावाचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. लिनियसने १७५३ साली तिला कोनायझा म्हटले. १८२९ साली लेसिंगने तिला व्हर्नोनिया या गणात घातले. व्हर्नन नावाच्या इंग्रज वनस्पतिवेत्त्याचे ते स्मारक. १९९० साली रॉबिन्सनने तिला सायँथिलियम या गणात नेले. ब्लूमने १८२६ साली योजलेल्या या ग्रीक नावाचा अर्थ आहे ‘लहानसे निळे फूल’. दोन वेळा नाव बदलले, तरी विद्वानांत गोंधळ झाला नाही, कारण प्रत्येक नावामागे कागदावर चिकटवलेला नमुना उभा होता.

बाजारातल्या मुळीमागे असा नमुना नसतो. पाने व फूल गळून गेल्यावर नुसत्या मुळीवरून सहदेवी कोणती व महाबला कोणती, हे सांगणे जाणत्यालाही कठीण. म्हणून औषधासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याने फुलासकट एक फांदी दाबून, वाळवून, गावाचे नाव व तारीख लिहून ठेवावी. जुन्या वर्तमानपत्राच्या एका पानावर हे काम होते.