उल्हासनगरचे कॅम्प

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहराच्या निवासी वस्त्या. कॅम्प एक ते पाच अशी त्यांची क्रमवारी असून रहिवासी आजही पत्ता याच आकड्याने सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांनी उभारलेल्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले.

लांबलचक बराकीत पडदे, फळ्या लावून अनेक बिऱ्हाडे राहत. सर्वस्व गमावलेल्या या माणसांनी खोलीतच पापड, मिठाई, शिवणकाम सुरू केले. पुढे कापड, फर्निचर आणि जीन्सच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. घर व कारखाना एकाच छताखाली, हा इथला स्वभावच झाला. सिंधी समाजाचे दैवत असलेल्या झुलेलाल यांच्या कॅम्प पाचमधील मंदिरात चालिहाचे, म्हणजे चाळीस दिवसांचे, व्रत मोठ्या श्रद्धेने पाळले जाते. मराठी आणि उत्तर भारतीय वस्तीही मोठी आहे.

बराकींच्या जागी दाटीवाटीने इमले चढले, त्यांतील अनेक परवानगीविना. ते नियमित करण्यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरीही मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. धोकादायक इमारतींचा पुनर्विकास हाच या वस्त्यांपुढील सर्वांत निकडीचा प्रश्न आहे.