नेट मीटरिंग

घराच्या छतावर तयार होऊन बाहेर गेलेली सौर वीज आणि वीज कंपनीकडून घेतलेली वीज यांची वजावट करून उरलेल्या युनिटांचे बिल आकारण्याची पद्धत. त्यासाठी येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी नोंदवणारा मीटर लागतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 1983 मध्ये याचा कायदा केला. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे विनियम 2015 मध्ये आले, ते 2019 मध्ये बदलले.

छतावरील 1 किलोवॅटच्या संचाला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि स्वच्छ उन्हात तो दिवसाला 4 युनिटांच्या आसपास वीज देतो. समजा, 3 किलोवॅटचा संच असलेल्या घरातली माणसे दिवसभर कामावर असतात. तयार झालेल्या 12 युनिटांपैकी 3 घरात खपतात, 9 बाहेर जातात. रात्री पंखे, फ्रिज, दिवे मिळून 7 युनिटे घेतली, तर 2 खात्यावर शिल्लक राहतात. ही शिल्लक महिन्यामागून महिना पुढे ओढली जाते. 31 मार्चला उरलेल्या युनिटांचे पैसे मात्र आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, घरगुती दराने नव्हे. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात फायदा नाही. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, हे महाराष्ट्राच्या हवामानाला फार सोयीचे आहे. एप्रिल-मेच्या उन्हात जमलेली युनिटे जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वळती होतात.

भारनियमनात किंवा बिघाडामुळे लाइट गेली, की बॅटरी नसलेला संच भर उन्हातही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला घरातून आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. संच विकताना ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगितलीच पाहिजे.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. तरीही संच बसवावा की नाही, हे बहुतेक घरांत बिलाचा टप्पा पाहून ठरते. युनिटे वाढतात तसा दर चढतो, त्यामुळे जास्त वापर असलेल्यांची बचतही जास्त. नेमके हेच ग्राहक कंपनीला चढा दर देत असतात आणि त्यावर गरिबांची स्वस्त वीज काही अंशी अवलंबून असते. भाड्याने राहणाऱ्याला किंवा छतावर हक्क नसलेल्या फ्लॅटधारकाला या वजावटीचा उपयोग नाही. योजनेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि तो केवळ अनुदान वाढवून दूर होणार नाही.

युनिटाला युनिट ही बरोबरीही आता टिकणे कठीण आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमदुरुस्तीत सौर तासांतील वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के स्वस्त ठेवण्याची तरतूद आहे. तसे झाले की दुपारी दिलेले आणि रात्री आठला घेतलेले युनिट एका मोलाचे राहत नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांना बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी सुमारे 75 टक्क्यांनी घटवला. त्यानंतर तिथे नव्या संचांची मागणी घसरली, पण संच घेणाऱ्यांमध्ये सोबत बॅटरीही बसवणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले.