डॉक्टर वॉटसनची जखम

दिवाळीच्या सुटीत हाती येणाऱ्या पुस्तकांना सोवळे-ओवळे नसते. फराळाच्या ताटाशेजारी एखादा जाडजूड इतिहासग्रंथ पडलेला असतो आणि त्याच्याच आडोशाला घरातले पोर रहस्यकथा संपवीत असते. वडीलमंडळी पहिल्याकडे कौतुकाने पाहतात, दुसऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून. पण ही दोन्ही पुस्तके कधी कधी एकाच मातीत उगवलेली असतात.

शेरलॉक होम्सचेच पाहा. १८८७ साली निघालेल्या पहिल्या होम्सकथेत डॉक्टर वॉटसन प्रथम मुंबई बंदरात उतरतो, तेथून कंदाहारला पोचतो आणि मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागून जायबंदी होतो. बेकर स्ट्रीटचे बिऱ्हाड त्यानंतरचे. मैवंद काही लेखकाच्या कल्पनेतले नव्हे. २७ जुलै १८८० रोजी अयूबखानाने जनरल बरोजच्या सुमारे अडीच हजार फौजेची तेथे धूळधाण उडविली. साडेनऊशेंवर माणसे कामास आली. गोऱ्या पायदळाची पलटण एकच, सहासष्टावी. बाकीचे पायदळ आपल्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातले, ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. जगाला मात्र या लढाईतला एकच जखमी ठाऊक आहे, आणि तो कधी जन्मलाच नव्हता! (पुढच्या पुस्तकात त्याची जखम खांद्यावरून पायात उतरते, तो भाग निराळा.)

ते दुसरे पुस्तक १८९० चे. त्यातल्या लंडनच्या खुनाचे मूळ १८५७ च्या आग्र्याच्या किल्ल्यात आणि अंदमानच्या बंदिवासात आहे. अंदमानच्या मूळ रहिवाशाचे त्यातले चित्र निव्वळ अन्यायाचे आहे, हे येथे स्पष्ट म्हटलेच पाहिजे.

याच कॉनन डॉईलने युद्धाचा इतिहासही लिहिला. १९०० साली तो दक्षिण आफ्रिकेत गेला, ब्लूमफाँटेनच्या इस्पितळात विषमज्वराने पछाडलेल्या सोजिरांची शुश्रूषा करीत राबला आणि त्याच वर्षी त्याने बोअर युद्धावर भलामोठा ग्रंथ काढला. १९०२ मध्ये ब्रिटिश फौजेवरचे आरोप खोडण्यासाठी त्याने एक स्वस्त पुस्तिका लिहिली. इंग्रजांनी बोअरांची शेते-घरे जाळून त्यांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडले होते. तेथे वीस हजारांवर जीव दगावले, त्यांत बहुतेक लहान मुले. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने ते डोळ्यांनी पाहून १९०१ मध्येच जगापुढे मांडले होते. डॉईलने मात्र दोष रोगराईच्या माथी मारला. चिरुटाच्या राखेवरून माणूस ओळखणाऱ्या होम्सच्या जनकाला जळालेल्या घरांची राख काही सांगू शकली नाही! त्याच वर्षी त्याला 'सर' ही पदवी मिळाली.

पण एवढ्यावरून त्याचा निकाल लावणे बरोबर होणार नाही. मुंबईहून विलायतेस जाऊन पाद्री झालेल्या शापूरजी एदलजी या पारशी गृहस्थाचा मुलगा जॉर्ज स्टॅफर्डशरमध्ये वाढला व वकील झाला. रात्री जनावरे भोसकल्याच्या आरोपावरून १९०३ साली त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण निर्दोष ठरून नव्हे. डॉईल त्याला भेटायला गेला, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र अगदी डोळ्यांशी धरून, तिरपे करून वाचीत होता. इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोख्या रात्री शेते तुडवीत जाऊन घोड्याचे पोट फाडील? येथे होम्सचे डोळे कामी आले. जानेवारी १९०७ मध्ये डॉईलने वर्तमानपत्रांतून लेख लिहून रान उठविले.

सरकारने चौकशी समिती नेमली. जनावरांच्या बाबतीत तिने जॉर्जला निर्दोष ठरविले. मात्र निनावी पत्रे लिहून हे संकट त्याने आपणच ओढवून घेतले, असा शेराही मारला. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचाही रेटा होता. जॉर्जला वकिलीची सनद परत मिळाली. तुरुंगातल्या तीन वर्षांबद्दल मात्र सरकारने त्याला एक पेनीही दिली नाही.