बीपीची गोळी आणि रक्तातली चरबी

दारव्ह्याकडचे एक कास्तकार लॅबचा कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बीपीच्या गोळीनं कोलेस्टेरॉल वाढते म्हणतात, म्हणून मी गोळी सोडली." रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा २०० च्या घरात! श्रोतेहो, त्यांची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या वैद्यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. पण जगाचे लक्ष वेधले गेले ते १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधील लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळे केले. तेव्हा एकच ध्यास होता, रक्तदाब उतरावा. औषधाने रक्तातल्या चरबीचे काय होते, हा प्रश्न नंतरचा.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या थायझाइड गोळ्या आल्या, १९६० च्या दशकात बीटा ब्लॉकर. लकव्यापासून अनेकजण वाचले. पुढे दिसले की, थायझाइडच्या मोठ्या मात्रेने कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड थोडे वाढतात. जुन्या बीटा ब्लॉकरने ट्रायग्लिसराइड वाढते, 'चांगले' कोलेस्टेरॉल घटते. एनालाप्रिल, अॅम्लोडिपिन, लोसार्टन सहसा चरबीच्या वाटेला जात नाहीत. अल्फा ब्लॉकर तर ती किंचित सुधारतात.

मग अल्फा ब्लॉकरच उत्तम म्हणायचे का? अमेरिकेतल्या 'ऑलहॅट' या चाचणीत ४२ हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात डॉक्साझोसिन या अल्फा ब्लॉकरने कोलेस्टेरॉल उतरले. पण हृदय कमजोर पडण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. २००० मध्ये तो गट थांबवावा लागला. २००२ मध्ये मुख्य निकाल आला. थायझाइडच्याच जातीची, स्वस्त क्लोरथॅलिडोन कोलेस्टेरॉल किंचित वाढवूनही हार्ट अटॅक टाळण्यात नव्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली.

म्हणजे कागदावरचा आकडा सुधारला, की हृदय वाचलेच असे नाही. त्या कास्तकारांना मी हेच सांगितले. गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू केली, चरबीची तपासणी ठरावीक काळाने ठेवली, मीठ आणि तेल आवरायला लावले. डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. मनानेच सोडली, तर लकवा निरोप देऊन येत नाही.