तबकडीतला सूर डोळ्यांनी ओळखणारी डीलिया



हल्ली बारावीतली एखादी मुलगी घरात सांगते, ‘मला म्युझिक प्रोड्यूसर व्हायचंय,’ आणि घरातल्यांना नेमकं काय ते उमगत नाही. गायिका समजते, पेटी वाजवणारी समजते, चाल लावणारा संगीतकार समजतो. हा प्रोड्यूसर कोण? पैसे घालणारा? तसं नाही. आवाज ध्वनिमुद्रित करायचा, कापायचा, जोडायचा, एकावर एक थर चढवायचे आणि कागदावरच्या चालीला ऐकू येणारं रूप द्यायचं, असं हे काम. आज ते लॅपटॉपवर होतं. ज्या काळात ते कात्री-ब्लेडनं व्हायचं, त्या काळातल्या एका विद्यार्थिनीची हकिगत आज सांगते. तिचं नाव डीलिया डर्बीशर.

डीलियाचा जन्म ५ मे १९३७चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या गावातला. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री जवळजवळ भाजून काढली. ही तेव्हा साडेतीन वर्षांची. हल्ल्याचा भोंगा, मग धोका टळल्याचा लांबलचक भोंगा, हे तिच्या कानावर पडलेलं पहिलं ‘संगीत’. पुढे ती स्वतःच म्हणायची, की यंत्रातून निघालेल्या आवाजाची ओढ मला त्या भोंग्यांनी लावली. नंतर तिला उत्तरेत प्रेस्टनला पाठवलं. तिथे पहाटे गिरणीला निघालेल्या कामगारांचे लाकडी तळाचे बूट फरसबंदीवर टकाटक वाजत, तोही ताल तिच्या डोक्यात राहिला. घरात पुस्तकं फारशी नव्हती, पण रेडिओ होता, आणि आपलं शिक्षण त्यानंच केलं असं ती सांगे.

आठव्या वर्षी पियानो सुरू झाला. शाळेत गणित उत्तम. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजची गणितासाठी शिष्यवृत्ती मिळाली. गर्टन हे बायकांसाठी १८६९मध्ये निघालेलं कॉलेज. पण तिथं शिकलेल्या बायकांना केंब्रिज विद्यापीठानं पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. म्हणजे डीलिया तिथे पोचली तेव्हा त्या हक्काला दहा वर्षंही झाली नव्हती. वर्षभर गणित केल्यावर ती संगीताकडे वळली आणि १९५९मध्ये गणित आणि संगीत, दोन्हीची पदवी घेऊन बाहेर पडली.

गणित आणि गाणं ही जोडी विचित्र वाटते का? पेटीवर सा आणि पंचम धरून बघा. मधल्या सा ची कंपनं सेकंदाला २४० धरली, तर वरच्या सा ची ४८० आणि पंचमाची ३६०. एक दुप्पट, एक दीडपट. सूर म्हणजे हिशेबच आहे, फक्त तो आपण कानानं करतो. डीलिया तो कागदावरही करायची, लॉगरिदमचं कोष्टक शेजारी ठेवून.

पदवी हाती आली, आता काम हवं. विद्यापीठाच्या नोकरी-सल्ला कचेरीत तिनं सांगितलं, मला ध्वनी, संगीत आणि ध्वनिशास्त्र यांत रस आहे. त्यांनी सुचवलं, कानाच्या यंत्रांच्या धंद्यात जा, नाहीतर समुद्राची खोली मोजायच्या कामात. मग ती डेक्का या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. तिथलं उत्तर सरळ होतं: ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आम्ही बायकांना कामावर घेत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तिला काही येत नाही, असं कुणी म्हटलं नाही. तिची परीक्षाही घेतली नाही. दारच नव्हतं.

मधलं दीड वर्ष इकडेतिकडे गेलं. जिनिव्हात राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांना पियानो आणि गणित शिकवलं, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत साहाय्यकाचं काम केलं, गावी परत येऊन प्राथमिक शाळेत शिकवलं, लंडनच्या एका संगीत प्रकाशनाच्या जाहिरात विभागात बसली. नोव्हेंबर १९६०मध्ये बीबीसीत उमेदवारीवर साहाय्यक स्टुडिओ व्यवस्थापक म्हणून लागली. काम साधं. नव्या तबकड्यांवर समीक्षक बोलत, आणि ते सांगतील तो तुकडा हिनं वाजवायचा. समीक्षक म्हणे, नेमकं कुठे ते ठाऊक नाही, पण ट्रॉम्बोन सुरू होतात तिथे. ही तबकडी उजेडात तिरपी धरून खाचा बघायची, आणि सुई बरोबर ट्रॉम्बोनवर टेकवायची. जोरकस आवाजाची खाच वेगळी दिसते, हे तिनं पाहून पाहून शिकून घेतलं होतं. लोकांना वाटे, हिला काही सिद्धी आहे. मला विचाराल, तर तिची खरी पदवी ही.

त्याच बीबीसीत एक लहानसा विभाग होता, रेडिओफोनिक वर्कशॉप. लंडनच्या मेडा व्हेल भागात १९५८मध्ये तो सुरू झाला, आणि तो सुरू करायला लावणाऱ्यांत पुढे होती एक बाईच. डॅफनी ओरम. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये मिळालेली जागा सोडून ती ऐन युद्धात बीबीसीत तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली होती. दिवसाचं काम संपलं, की रात्री टेपयंत्रं एका खोलीत ओढून आणून प्रयोग करायचे, असं तिनं केलेलं. वर्कशॉप निघालं खरं, पण मनासारखं संगीत करू देईनात, म्हणून वर्षाच्या आतच तिनं नोकरी सोडली. म्हणजे डीलियाला जे दार उघडं मिळालं, ते उघडणारी तोवर निघूनही गेली होती.

या वर्कशॉपमध्ये माणसं सहसा वरून नेमली जात. डीलियानं आपणहून ‘मला तिथे पाठवा’ म्हटल्यावर साहेब लोक चक्रावले. एप्रिल १९६२मध्ये ती तिथे गेली आणि अकरा वर्षं राहिली. तिथल्या कामाला संगीत म्हणायचं नाही, असा दंडक होता. ‘खास आवाज’ म्हणायचं.

मग आलं १९६३ साल. ‘डॉक्टर हू’ नावाची नवी दूरदर्शन मालिका. निर्माती वेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा तरुण, जन्म आपल्या लखनौचा. शीर्षकाची चाल रॉन ग्रेनर या संगीतकारानं एका कागदावर लिहून दिली. त्यात ‘वाऱ्याचा बुडबुडा’, ‘ढग’ असे शब्द सुरांच्या जागी टाकलेले. आता वाऱ्याचा बुडबुडा कुठल्या वाद्यावर वाजवायचा?

डीलियानं वाद्य घेतलंच नाही. एक ताणलेली तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला. टेप दुप्पट वेगानं चालवली, की सूर एक सप्तक वर चढतो; अर्ध्या वेगानं चालवली, की एक सप्तक खाली. असं करत एकेक सूर वेगळा तयार केला. वरची ती हुंकारासारखी ओढ ऑसिलेटरच्या, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या विजेच्या यंत्राच्या, चकत्या हातानं फिरवून काढली. नुसती खरखर गाळून त्याचा वारा केला. मग मोजमाप. टेप सेकंदाला पंधरा इंच धावते, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर साडेसात इंचांचा. फूटपट्टीनं मोजायचं, ब्लेडनं तिरपं कापायचं, चिकटपट्टीनं जोडायचं. ब्लाउजच्या कापडाला जसं इंच-पाव इंचाचं भान लागतं, तसंच. पुरा साज तीन वेगळ्या टेपांवर चढला. तिन्ही यंत्रं एकदम सुरू करून तो एकत्र करायचा. ऐकताना एक सूर चुकत होता आणि कुठे ते सापडेना. तेव्हा डीलिया आणि तिचा सहकारी डिक मिल्स यांनी तिन्ही टेपा इमारतीच्या लांब बोळात जमिनीवर उलगडल्या आणि जोडांशी जोड ताडून बघत चालत गेले. एका टेपेवरचा जोड पुढेमागे झालेला निघाला.

ग्रेनरनं ते ऐकलं आणि विचारलं, हे मीच लिहिलं का? डीलिया म्हणाली, बरंचसं. त्याला तिचा वाटा मनापासून मान्य होता, मानधनातला हिस्साही द्यायची त्याची तयारी होती. पण वर्कशॉपची माणसं पगारी नोकर, त्यांचं नाव लागत नाही, हा बीबीसीचा नियम आडवा आला. २३ नोव्हेंबर १९६३ला पहिला भाग दिसला. संगीतकार म्हणून श्रेय ग्रेनरचं. डीलियाच्या जागी नुसता विभाग.

न्यायानं बोलायचं, तर नियम वर्कशॉपमधल्या पुरुषांनाही तोच होता. डेक्काचा नकार बाई म्हणून होता, हा नोकर म्हणून. दोन्ही एकीच्याच वाट्याला आले.

रेडिओवाल्या आपल्याला तिचं एक काम मुद्दाम सांगायला हवं. १९६४मध्ये लेखक बॅरी बर्मांजबरोबर तिनं स्वप्नांवर एक कार्यक्रम केला. साध्या माणसांनी सांगितलेली स्वप्नं मुद्रित केली, त्यांची वाक्यं कापून धावणं, पडणं, जमीन, समुद्र, रंग अशा विषयांनी पुन्हा बांधली, आणि खाली तिचे आवाज अंथरले. निवेदक नाही. आपल्या केंद्रावर बायकांचे अनुभव मुद्रित करून कापायला बसतो, तेव्हा हेच काम असतं. १९६७मध्ये वाळवंटातल्या लोकांवरच्या माहितीपटासाठी तिनं दिव्याची पत्र्याची हिरवी शेड वाजवली. ठोक्याचा आवाज कापून फक्त घुमणं ठेवलं, त्यात कुठकुठली कंपनं आहेत ते शोधलं, आणि त्यांतली सगळ्यांत ठळक बारा घेऊन बारा ऑसिलेटरांवर ती पुन्हा उभी केली. पत्रा हा कारागीर वडिलांचा धंदा, हे माझं मला सुचलेलं.

१९७३मध्ये तिनं बीबीसी सोडली. तयार सुरांची यंत्रं आली होती. तिचं मन त्यांत रमलं नाही. पुढे तिनं गॅसवाहिनी टाकणाऱ्यांकडे रेडिओ चालवला, पुस्तकांच्या दुकानात काम केलं. ३ जुलै २००१ला ती नॉर्दॅम्प्टनला वारली, चौसष्टाव्या वर्षी. ‘डॉक्टर हू’च्या पडद्यावर तिचं नाव लागलं ते २३ नोव्हेंबर २०१३ला, मालिकेच्या पन्नाशीच्या भागात.

ती गेल्यावर माळ्यावर नाश्त्याच्या पोह्यांसारख्या धान्याच्या खोक्यांत टेपांची रिळं निघाली, २६७. ती आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. त्यांत साठीच्या दशकाच्या अखेरचा एक छोटा तुकडा आहे. आजकालच्या नाचाच्या संगीताची ठेक्याची चाल त्यात तीस वर्षं आधी सापडते. टेपेवर डीलियाचा स्वतःचाही आवाज आहे. याकडे लक्ष देऊ नका, हे आपलं गंमत म्हणून केलंय, असं काहीसं ती सांगते आणि ठेका सुरू होतो.