भाग २३ : पाच डॉलर आणि 'आपल्यात बसणारा माणूस'

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

आजची गोष्ट फोर्ड कंपनीची. पण सुरुवात माझ्या ऑफिसपासून.

गेल्या दीड वर्षात आमच्या टीममधून चार जण गेले. चौथा गेला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तो आपल्या कल्चरमध्ये बसलाच नाही." मीही मान डोलावली. खरं तर तो काम चोख करायचा. फक्त सहाला निघायचा, कारण घरी वडील आजारी होते.

आता चला डेट्रॉइटला, साल १९१३. हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने सरकती असेंब्ली लाइन आणली. मॉडेल टीचा सांगाडा जोडायला आधी साडेबारा तास लागायचे, ते काही महिन्यांत दीड तासावर आलं. आपल्यासारख्या इंजिनियरला हे ऐकून भारी वाटतं. पण लाइनवर उभ्या असलेल्या माणसाचं काय? दिवसभर एकच नट आवळायचा, तोही पट्ट्याच्या वेगाने. ज्याला अख्खं यंत्र जुळवता येत होतं, त्याच्या हाताला आता कामच उरलं नव्हतं.

लोक सरळ निघून जायला लागले. १९१३ मध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण होतं ३७० टक्के! म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षभरात पावणेचारशेच्या आसपास माणसं घ्यावी लागायची. नवा माणूस शिकून तयार होईपर्यंत त्याचाही पाय बाहेर.

५ जानेवारी १९१४ ला कंपनीने जाहीर केलं: दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांचं काम. तोवर नऊ तासांचे साधारण २.३४ डॉलर मिळायचे. कडाक्याच्या थंडीत गेटवर हजारोंची झुंबड उडाली, शेवटी गर्दीवर पाण्याचे फवारे मारावे लागले.

शाळेत शिकवतात ती गोष्ट इथे संपते. खरी मेख पुढे आहे.

पाच डॉलरमधला निम्म्याहून जास्त भाग पगार नव्हताच, तो 'नफ्यातला वाटा' होता. तो कुणाला द्यायचा हे ठरवायला कंपनीने एक समाजशास्त्र विभाग काढला. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जायचे. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे साठवतो का, घरात भाडेकरू किती, सगळं नोंदलं जायचं. वागणं पसंत नसेल तर वाटा बंद.

कामगारांत बहुसंख्य परदेशातून आलेले. त्यांच्यासाठी इंग्रजीची शाळा निघाली. तिच्या पदवीदान समारंभात स्टेजवर एक भलीमोठी कढई असायची. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात आत उतरायचे आणि अमेरिकन सूट घालून, हातात झेंडा घेऊन बाहेर यायचे. कल्चर फिटचं इतकं उघड नाटक मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि त्याच जानेवारीत आपल्या पंचांगाप्रमाणे नाताळ पाळायला घरी राहिलेल्या आठ-नऊशे ग्रीक आणि रशियन कामगारांना काढून टाकलं होतं.

आता आकडे बघा. १९१४ मध्ये गळती ५४ टक्क्यांवर आली, १९१५ मध्ये १६ वर. मग फोर्डचं बरोबरच होतं की! असं म्हणावंसं वाटतं ना?

पण थांबा. लोक सोडून जात होते ते लाइनमुळे. लाइन तशीच राहिली. बदलला तो पगार आणि कामाचे तास. दुप्पट पैसे दुसरीकडे मिळत नव्हते, म्हणून लोकांनी लाइनही सोसली आणि घरात डोकावणारा तपासनीसही सोसला. टिकणं वेगळं, मानवणं वेगळं. हा विभाग पुढे १९२१ च्या सुमारास गुंडाळला गेला.

माणूस कंपनीत बसतो का, हे फोर्डने घरात शिरून तपासलं. काम माणसाला मानवतंय का, हे लाइनपाशी उभं राहून विचारलं नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे आता मी इंटरव्ह्यू घेतो. फॉर्ममध्ये एक रकाना आहे : 'कल्चर फिट - हो / नाही'. गेल्या आठवड्यात मी तो कोरा ठेवला आणि खाली लिहिलं, 'सहाला निघणारा माणूस आपल्याला चालणार आहे का, हे आधी ठरवूया.' उत्तर अजून आलेलं नाहीये.

आलं की सांगतो. तोवर, तुमच्या टीममधून शेवटचा माणूस का गेला ते एकदा त्यालाच फोन करून विचारा. मी केला, चार महिने उशिरा.

भेटू पुढच्या भागात!