अंतराळातली सर्दी (तळटीप)

* लातूर-नांदेडकडे सर्दी डोक्यात भरली की भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगतात. नाक सुटले की बराचसा शेंबूड वजनानेच खाली उतरतो. वजनरहित अवस्थेत तो तिथेच साचतो. शिवाय शरीरातला द्रव डोक्याकडे सरकल्याने निरोगी अंतराळवीराचेही नाक चोंदते, चेहरा सुजतो. त्यामुळे सायनसचे निदान अवघड. ऑक्टोबर १९६८ मध्ये 'अपोलो ७'चे कमांडर वॉल्टर शिर्रा उड्डाणानंतर काही तासांतच सर्दीने बेजार झाले. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या सोबत होत्या. परतताना यानातला दाब वाढला की नाक चिमटीत धरून कानांत हवा ढकलता यावी, पडदा फाटू नये, म्हणून शिर्रा आणि त्यांचे दोन सहकारी अशा तिघांनीही हेल्मेट घालायचे नाकारले. नियंत्रण कक्ष नाराज झाला. पण अंतराळवीरांची भीती मला रास्त वाटते. —संपा.